सत्तावीस नंबर

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनजवळच्या तळावर दोस्त सैन्यांची विमानं आणि जहाजं एकाच पडद्यावर दिसतात. त्यासाठीची सांकेतिक किल्ली रोज सकाळी बदलते. आजची किल्ली विमानात भरली नसेल, तर ते पडद्यावर उमटतच नाही.

हरवलेल्या विमानाचा नंबर यादीतून खोडायचा, असा नियम. कॅलमचं सत्तावीस समुद्रावरून परतलं नाही, त्याला दोन वर्षं झाली. पण पडद्यासमोर बसणाऱ्या ब्रॉनच्यानं नवऱ्याचा नंबर काही खोडवला नव्हता.

आज सव्वाआठला पडद्यावर हिरवा ठिपका उमटला. सत्तावीस.

"काय गं ब्रॉन," अमेरिकन जहाजावरचा डेलरॉय कानातल्या फोनवर हसला, "सकाळी सकाळी कुणाला आभाळात धाडलंस?"

"कुणालाच नाही. विमानांत किल्ली अजून भरायचीय."

"मग हा कोण?"

ठिपका किनारा ओलांडून सरळ तळाकडे येत होता. बाहेर निरभ्र आभाळात कसलाच आवाज नव्हता. खोडायचं बटण ब्रॉनच्या बोटाखालीच होतं. तिनं बोट उचललं.

"ये," ती पुटपुटली.

डेलरॉयचं हसू विरलं. "उंची शून्य. अगं, हा तुझ्या खोलीत दिसतोय!"

दार आतून बंद होतं. शेजारची खुर्ची ब्रॉन रोज स्वतःच टेबलाखाली सारून ठेवायची. मान न वळवता तिनं ती बाहेर ओढायला हात लांबवला.

ती आधीच ओढलेली होती.