बहात्तर किलोच्या स्प्रिंगा

मेकॅनिकशी कधीही खोटं बोलू नये, हे प्राध्यापकांचं तत्त्व होतं. ते मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरपर्यंत टिकलं. "नव्या स्प्रिंगा तुमच्या वजनाला जुळत्या मागवतो. किती भरता, सर?" मेकॅनिकने विचारलं, तेव्हा नेमकी त्यांना डाएटवर ठेवणारी बायको शेजारी उभी होती. नव्वद किलोंचे प्राध्यापक बेधडक म्हणाले, "बहात्तर."

रविवारी मेकॅनिकच्या भावाकडून गाडी घेऊन नवरा-बायको डोंगर उतरायला लागले. प्रत्येक वळणावर ब्रेक लागला की पुढचा शॉक खचकन दबायचा आणि प्राध्यापकांना वाटायचं, या स्प्रिंगा आता मान टाकणार, गाडी कठड्यावरून थेट दरीत! चौथ्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली.

"अगं, मी नव्वद आहे. कॉलेजात रोज समोसे खातो."

"माझ्याशी खोटं बोललात ते बोललात, स्प्रिंगांशी कशाला बोललात?" म्हणत तिने तिथूनच मेकॅनिकला फोन लावला.



"वहिनी, स्प्रिंगा अजून आल्याच नाहीत. आम्ही गाडी नुसती धुऊन दिलीय."