झेपतंय मला

"झेपत नाहीये तुम्हाला, बाबा! मान्य करा ना एकदा!"

लेक एवढं बोलली आणि म्हाताऱ्याचं टाळकं सरकलं. म्हातारा हे आपण इथे म्हणायचं, त्याच्या तोंडावर म्हणून बघा! पंचाहत्तरी उलटली तरी रोज पहाटे गच्चीवर जाऊन, वाळूची पिशवी छातीशी धरून, घाम निथळेपर्यंत उठाबशा काढायचा. हौस म्हणून नव्हे. बायकोची डावी बाजू गेली होती. तिला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत पलंगावर, सगळं यालाच करायचं होतं. ज्या दिवशी आपले हात थकतील त्या दिवशी ती या घरातून जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि लेक तर आजच तिला न्यायला आली होती. शुश्रूषागृहात खोली ठरवून झाली होती, दुपारी त्यांची गाडी यायची होती. आईचे कपडे भरलेली बॅग दाराशी तयार होती.

"मी मेलोय का?" तो ओरडला. "जन्मभर लोकांची कपाटं जिने चढवली मी. नुसतं हलवून बघितलं की वजन सांगायचो. आणि मला विचारतेस, झेपतं का? बघ, डोळे उघडून बघ!"

त्याने चादर बाजूला फेकली. गुडघ्यांत वाकला, पाठ ताठ ठेवली, एक हात बायकोच्या पाठीखाली, दुसरा मांड्यांखाली, आणि उचललीच. खुर्चीपर्यंत नेऊन अलगद बसवली. दमसुद्धा लागला नाही.

"गेल्या वर्षी फेस यायचा तोंडाला. आता बघितलंस? या वयात लोकांची ताकद जाते, माझी वाढलीय. सांग जाऊन त्या तुझ्या डॉक्टरला!"

बायको खाली मान घालून बसली होती.

"ताकद वाढलीय म्हणे!" लेकही आता भडकली. "एकदा हात सुटला की दोघंही जमिनीवर. मग धावत कोणी यायचं? मीच ना? कमरेला पट्टा बांधून फिरते मी, पाण्याची बादली उचलवत नाही मला. थांबा, दाखवतेच तुम्हाला हे काय काम असतं ते."

तिने बाह्या वर सारल्या आणि आईच्या पाठीमागे हात घातला. आई जागची हलणार नाही, हेच तिला बापाला दाखवायचं होतं.

आई उचलली गेली.

लेक तिला दोन्ही हातांवर घेऊन खोलीच्या मधोमध तशीच उभी राहिली. एवढा आलेला राग आता कुठे ठेवावा, तिला कळेना. मग तिने आईला पलंगावर ठेवलं, गाऊनची बाही वर केली आणि दंड बघितला. नुसतं हाड होतं.

"आई, जेवतेस ना तू?"

"जेवते की."

"बाबा, जेवते ना ही?"

म्हातारा वाकून तो दंड बघायला लागला. जेवायची ती, त्याच्यासमोरच बसून जेवायची. निम्मं ताट झालं की पुढे सरकवायची. पुरे झालं मला, तुम्ही संपवा, उचलायचंय तुम्हाला, म्हणायची. आणि हा संपवायचा, अगदी चाटूनपुसून. अन्न टाकायचं कशाला? आणि उचलायचं तर पोटात काही नको का, हे त्यालाही पटायचं.

"कधीपासून चाललंय हे?" त्याने विचारलं.

"तुमचे गुडघे वाजायला लागले तेव्हापासून," बायको म्हणाली. "खाली वाकलात की वाजतात. म्हटलं, मी जरा हलकी झाले तर अजून दोनेक वर्षं निघतील."

"गाढव आहेस तू! शुद्ध गाढव!" तो असा ओरडला की लेक मागे सरकली. "कपाटाचे खण चोरून काढून ठेवायचे, रिकामं कपाट म्हाताऱ्या गड्याच्या पाठीवर द्यायचं आणि वर म्हणायचं, वा, काय ताकद आहे! आमच्यात असं कोणी केलं असतं ना, तर कॉलर धरली असती मी त्याची!"

"धरा मग," बायको म्हणाली.

त्याला संताप आवरेना. बायकोचा आला होता, लेकीचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या या दंडांचा, जे मिरवत तो एवढे दिवस फिरत होता. अख्ख्या जगाचं सामान तोललं आणि घरातली बाई निम्मी झाली ते कळलं नाही. तो पाय आपटत स्वयंपाकघरात गेला. भांडी आदळल्याचे आवाज आले. परत आला तो काठोकाठ भरलेलं ताट घेऊन.

ती खायला लागली. हा समोर कंबरेवर हात ठेवून उभा.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. लेक खिडकीशी गेली.

"आज नाही," ती खाली वाकून ओरडली. "आई जेवतेय!"

ताट निम्म्यावर आलं आणि बायकोने सवयीने ते पुढे सरकवलं. त्याने ते परत तिच्या पुढ्यात आदळलं.

"अहो, जड होईन ना मी. मग काय कराल?"

"हो जड! चांगली जाडजूड हो! मला एकट्याला नाही जमलं तर ही धरेल दुसरी बाजू, तो पट्टा कशाला बांधलाय तिने? पण उचलली की हातात बायको आहे असं वाटलं पाहिजे मला. कळलं? खा."