नाताळपर्यंत काठी सुटली पाहिजे

"मांडी अजून वर घ्या, काका. दहा मोजा."

क्लेतो वामानीने कण्हत दहा मोजले. क्षयाने त्याचा उजवा खुबा पोखरून टाकला होता. आधी वर्षभर गोळ्या, मग मार्चमध्ये कुस्को शहरात ऑपरेशन करून नवा धातूचा खुबा. आता डिसेंबर लागला होता आणि त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. नाताळला मैदानात उतरायचं आणि मेल्कियादेसचे दात पाडायचे.

त्यांच्या गावात वर्षभराचा राग नाताळलाच निघतो. मैदानात उभं राहून वैऱ्याचं नाव पुकारायचं, ठोसे, लाथा, शेवटी गळाभेट. काठीवाल्याने मात्र कुणाला पुकारायचं नाही आणि त्यालाही कुणी पुकारायचं नाही. सहा वर्षं मेल्कियादेस त्याला भर बाजारात 'तीनपाया' म्हणत आला होता. क्लेतो नुसता जळत बसायचा.

"डॉक्टर, सुटेल ना काठी?"

"मी डॉक्टर नाही, व्यायाम घेणारा," एफ्राइन म्हणाला. "पण सुटेल. मी सोडवीन."

पोरगा भलताच चिवट. शहरातलं हॉस्पिटल सोडून या आडगावच्या दवाखान्यात स्वतःहून बदली मागून घेतलेली.

"इथं कशाला आलास मरायला?"

"आई जवळ आहे."

"कुठं असते?"

"वर, घाटात."

मेंढरं असतील, असं क्लेतोला वाटलं. त्याने पुढे विचारलं नाही.

एफ्राइन रविवारीसुद्धा घरी यायचा. क्लेतो कंटाळला की तो म्हणायचा, "बसा मग असेच. मेल्कियादेस हसेल." मग क्लेतो शिव्या देत उठायचाच. सर्जनने मारामारीला सक्त मनाई केली होती. त्याबद्दल एफ्राइन चकार शब्द काढत नसे, आणि म्हणूनच क्लेतोचा त्याच्यावर जीव जडला होता.

एकदा पायऱ्या चढता चढता क्लेतो रंगात आला.

"हा रोग मला कुणी दिला माहितेय? त्या मक्याची चिचा दारू विकणाऱ्या फोर्तुनाताने. नुसती खोकायची. मी तेव्हा गावचा प्रमुख. दिली झोपडी पेटवून, काढली गावाबाहेर. घाटात गारठून मेली म्हणे. मेली ती मेली, जाता जाता माझ्या खुब्यात येऊन बसली, सटवी!"

तो खो खो हसला.

"पाय वळवू नका," एफ्राइन म्हणाला. "सांधा निखळेल. हं, पुन्हा खालपासून."

त्या दिवशी त्याने बारा वेळा पायऱ्या चढायला लावल्या.

पंचवीस तारखेला मैदान गच्च भरलं होतं. मुखवटे घातलेली माणसं गात होती, पंच चाबूक घेऊन गर्दी मागे रेटत होते. समोरच्या कडेला मेल्कियादेस मक्याचे दाणे चघळत उभा होता.

"द्या ती काठी," एफ्राइन म्हणाला.

क्लेतोने दिली. एफ्राइनने ती नेऊन पंचाच्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता हा धडधाकट ना?"

"धडधाकट!" पंच ओरडला.

क्लेतोचा ऊर भरून आला. पोटच्या पोराने केलं नसतं इतकं या परक्याने केलं होतं. तो कुणाचाही आधार न घेता मैदानाच्या मधोमध गेला, मेल्कियादेसकडे बोट केलं आणि छाती भरून श्वास घेतला.

त्याच्या तोंडून नाव निघायच्या आत मागून हाक आली. एफ्राइन बाह्या वर करत मैदानात उतरत होता.

"क्लेतो वामानी! फोर्तुनाताचा मुलगा तुला पुकारतोय!"