झिजलेले ठसे

राजनंदिनीनं ओसरीवर शाईचं पॅड उघडलं आणि पोरीला डी.एड.ला घातलं असतं तर बरं झालं असतं, असं सोनबाला पहिल्यांदाच वाटलं.

कालपर्यंत तो पाली गावच्या पारावर सांगत होता, "आमची नंदी पुण्यात फॉरेन्सिकचं एमेस्सी करती. अर्धी सीआयडीच म्हणा." आता ही अर्धी सीआयडी त्याच्याच घरात पाट मांडून बसली होती. तिला प्रबंध लिहायचा होता. भातलावणी करून बायकांच्या बोटांवरच्या रेषा किती झिजतात, त्यावर. साठ बायकांचे ठसे हवे होते. अठ्ठावन्न गावात मिळाले. उरलेले दोन घरातच होते: तिची आई सखूबाई आणि चार दिवस माहेरपणाला आलेली आत्या फुलाबाई.

हेच दोन अंगठे शेजारीशेजारी येऊ नयेत म्हणून सोनबा एकवीस वर्षं जपत होता. बाप, रखमाजी, गेल्यावर रस्त्याकडच्या शेताच्या हक्कसोडीला बहिणीचा अंगठा लागत होता. बहीण होती सासरी वरव्याला, दोन एसट्या बदलून. बायको होती चुलीपाशी. सोनबानं जवळचा अंगठा घेतला.

"घरातल्यांचं घेऊ नगं," तो म्हणाला. "कोर्टात बी घरचा साक्षीदार धरत न्हाईत."

"आण्णा, हे कोर्ट नाही, कॉलेज आहे."

"उद्या सरकारनं कागद मागितलं तर?"

"मागंना का," फुलाबाई म्हणाली. "आपुन काय चोरलंय व्हय दादा?"

सोनबानं पान लावायला घेतलं.

सखूबाईनं मान वर न करता अंगठा दिला. नंदीनं ठसा भिंगाखाली धरला. जरा जास्तच वेळ धरला. परवा ही वेल्ह्याला, तहसील कचेरीच्या गावी गेली होती. कशाला, तर म्हणे झेरॉक्सला. झेरॉक्स तर इथं जवळ मार्गासनीलाही निघते. सोनबाला पानात चुना जास्त झाल्याचं कळलं, पण थुंकायला उठलं तर मागं काय बोलतील याचा भरवसा नव्हता.

"याआधी अंगठा कुठं कुठं दिलास, आई? फॉर्मात विचारलंय."

"रेशनला. ते मशीन घेत न्हाई, ती गोष्ट येगळी." सखूबाई हात पुसत थांबली. "आन् एकदा हितं. घरात."

"कशावर?"

"तुज्या आण्णास्नी म्हाईत."

सोनबाच्या तोंडात पान होतं. देवाची कृपा.

"आत्या, तू?"

"म्या कुठंच न्हाई."

"एकदाही नाही?"

"अगं, मी सही करती की. बाबांनी चौथीपातूर शाळंत घातलं हुतं. रेघा कमी आन् छड्या जास्त, पर नाव लिवाय शिकले. अंगठा कशापायी दिऊ?"

एकवीस वर्षं सोनबा रेषांना भीत आला होता. बहिणीला सही येते, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

नंदीनं आत्याचा ठसा घेतला, वाळवला आणि संमतीचा कागद पुढं केला. "इथं सही कर. ठसा तू स्वतःच्या मर्जीनं दिलास, एवढंच लिहिलंय."

"मर्जीनं," फुलाबाई म्हणाली. तिनं चष्मा लावला, कागद सगळा वाचला आणि एकेक अक्षर डोक्यावरच्या रेघेला टांगत नाव लिहिलं.

नंदी वाकली. "आत्या, नवऱ्याच्या नावाच्या जागी तू आजोबांचं लिहिलंस. फुलाबाई रखमाजी."

"वरव्याच्या कागदास्नी ते नाव. हितल्या कागदाला हे."

तिनं पेन सोनबासमोर धरलं.

"साक्षीला तू कर दादा. आन् वाचून कर. मी बसलेय."