डोंगरावरची होडी

ट्रेव्हरने बगळ्याचं चित्र असलेली रेकॉर्ड खोक्यातून काढली, मागून-पुढून पाहिली आणि परत आत सरकवली. मग पांढऱ्या जिन्याची काढली. तीही परत गेली.

"पत्ते पिसतोयस का?" खुर्चीतून डेरिक म्हणाला.

"चाळीस वर्षं थांबलास ना? मग जरा आणखी थांब."

डेरिक त्याचा थोरला भाऊ. डावा कान मागच्या हिवाळ्यातच गेला होता. उजव्याची शस्त्रक्रिया उद्या, मंगळवारी, लीड्सला. डॉक्टरने स्पष्टच सांगितलं होतं, कानातली गाठ निघेल, पण ऐकू येईल याची खात्री नाही. आणि तो कान आत्ताही फार गाणं सोसत नसे. रेकॉर्डची एक बाजू संपली की आत शिट्ट्या सुरू होत, त्या रात्रभर थांबत नसत. म्हणजे आज एकच बाजू.

सकाळीच त्याचा फोन आला होता. "तुझ्या त्या बिघडलेल्या बँडच्या रेकॉर्डी आहेत का अजून? दुपारी येतो." तेव्हापासून ट्रेव्हर खोक्यासमोर गुडघे टेकून बसला होता.

ओल्ड मेरिडियन हा दोघा भावांचा लाडका बँड. त्याचा गायक सोडून गेला, त्या दिवशी डेरिकसाठी बँड संपला. "गाणाराच गेला, आता उरलं काय?" आधीच्या रेकॉर्डी त्याने खरखर येईपर्यंत वाजवल्या. नंतरच्या सगळ्या ट्रेव्हरने घेतल्या. तेव्हा दोघांची खोली एकच होती. ट्रेव्हरने नवी रेकॉर्ड लावली की डेरिक काही न बोलता कोट चढवायचा आणि कालव्याकडे निघून जायचा. पाऊस असला तरी. त्याने एकदा, एकदाच खोलीत थांबावं, एवढंच ट्रेव्हरला तेव्हापासून हवं होतं.

आज तो थांबला होता, आणि ट्रेव्हरचा हात चालत नव्हता.

बर्फाच्या चित्राची लावावी तर सुरुवातीला नुसता ऑर्गन घुमतो, हा कंटाळेल. जिन्याची लावावी तर तिच्यात नव्या गायकाचा आवाज फाटतो. हा म्हणेल, बघ, मी म्हणत होतो. आणि मग तेच कायमचं त्याच्या कानात राहील.

ग्लेनिस चहा घेऊन आली. दिराच्या उजव्या अंगाला जाऊन तिने मोठ्याने सांगितलं, "डेरिक, साखर घातलेली नाही!"

"ओरडू नकोस गं. मंगळवार यायचाय अजून."

ती नवऱ्याकडे वळली. "अरे, लाव ना कुठलीतरी एक. एवढा विचार तर लोक अंत्यविधीला वाजवायच्या गाण्याचाही करत नाहीत." बोलून गेल्यावर तिला कळलं. चहा तिथेच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

डेरिक उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला.

"सगळ्यात चांगली कोणती?"

ट्रेव्हरने न चाचपडता एक उपसली. तिच्यावर डोंगराच्या टोकावर अडकलेली होडी होती. "ही."

"मग इतका वेळ काय करत होतास, गाढवा?"

ट्रेव्हरने तबकडी बाहेर काढलीसुद्धा. "हिची दुसरी बाजू ऐक. अख्ख्या बाजूला एकच गाणं. शेवटी शेवटी तर—"

"सांगू नकोस. ती मंगळवारनंतर ऐकायला ठेव. तिच्या आधीची लाव."

"आधीची बगळ्याची. ती बरी आहे रे, पण—"

"मग बरी लाव."

"डेरिक, आज एकच—"

"मला मोजता येतं."

ट्रेव्हरने होडीची रेकॉर्ड आवरणात घालून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि बगळ्याची लावली. डेरिकने बसून उजवा कान स्पीकरकडे केला आणि डोळे मिटले. ट्रेव्हरला बसवेना. तो कपाटाला टेकून उभा राहिला. नवा गायक गाऊ लागला तसा डेरिकचा जबडा आवळला. ट्रेव्हरने दाराशी टांगलेल्या त्याच्या कोटाकडे पाहिलं.

मध्यावर बासरी थांबली आणि ड्रम एकटे उरले. सात मात्रांचा लंगडा ठेका होता. डेरिकच्या बुटाचं टोक हललं, दोनदा चुकलं, मग ठेक्यावर बसलं. बाजू संपेपर्यंत ते तिथेच होतं.

सुई शेवटच्या रेघेत टक-टक करू लागली. डेरिकने तळहात कानावर दाबला.

"गाणारा पोरगा वाईट नाही," तो म्हणाला.

"पोरगा सत्तरीचा आहे आता."

"आवाजावरून वाटत नाही."

त्याने चहा एका दमात संपवला, कोट चढवला. दारापर्यंत गेला आणि मागे फिरला. खुर्चीवरची होडीची रेकॉर्ड उचलून त्याने कोटाच्या आत घातली आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.



"ऐकून झाली की आणून देतो," डेरिक म्हणाला.

"कोपरे दुमडू नकोस."

बाहेर पाऊस लागला होता. डेरिक उतारावरून बस थांब्याकडे निघाला. छाती फळीसारखी ताठ, वर एक हात दाबलेला. दारातून ट्रेव्हर ओरडला, "दुसरी बाजू आधी लाव!"

हाक डाव्या कानाच्या बाजूने गेली. डेरिक चालतच राहिला.

मग ट्रेव्हर घरातल्या सपातांनिशीच धावला. भिजत, घसरत त्याने भावाला गाठलं, त्याच्या उजव्या अंगाला गेला आणि धापा टाकत पुन्हा म्हणाला, "दुसरी बाजू आधी."

"ऐकू आलं," डेरिक म्हणाला.