सकाळची बाटली

“सिगारेट सुटली ना, अश्वजितजी?” डॉक्टर वल्लरींनी रिपोर्टवरून नजर न उचलता विचारलं.

“सुटली, मॅडम.”

शर्टाच्या खिशात काडेपेटी होती. अश्वजितने छातीवर हाताची घडी घातली. तोंडातल्या बडीशेपेचा चावून चोथा झाला होता, तरी ती गिळायची त्याची हिंमत होत नव्हती.

पीथमपूरच्या त्या कारखान्यात पिवळा रंग बनायचा. रंगात कॅडमियम, म्हणून दरवर्षी कामगारांची लघवी तपासायची. पद्धत अशी, की सकाळची पहिली लघवी घरूनच बाटलीत आणायची आणि कंपनीच्या बसमधून उतरलं की दवाखान्यात द्यायची. यंदा त्यात नव्या नियमाची भर पडली होती. रंगखात्याचा इन्चार्ज तंबाखूवाला नको. तंबाखूतही कॅडमियम असतं, मग आकडा वाढला तर तो धुळीने वाढला की धुराने, हे कळायचं कसं? म्हणून आता बाटलीत तंबाखूचा अंशही शोधणार होते.

इन्चार्जची जागा अश्वजितची, असं सगळा कारखाना धरून चालला होता. त्याच्या घरात आजवर महूच्या छावणीतल्या नोकऱ्या झाल्या, पण खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या कामावर सही कुणी केली नव्हती. त्याच्या बायकोने, गिरिजाने, तर अन्नपूर्णा वस्तीतल्या शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. बाजारात तुरी, अशातला प्रकार.

गेल्या सोमवारी तिनेच बाटली पुसून त्याच्या पिशवीत घातली होती. “टेन्शन मत लो, इन्चार्जसाहेब,” ती हसून म्हणाली होती आणि कंबर दाबत मोरीकडे वळली होती. त्याची कारखान्यातली वर्दी ती रोज आधी गॅलरीत झटकायची, मग हाताने धुवायची. मशीनमध्ये टाकली तर मुलांच्या कपड्यांना हळदीसारखा रंग बसायचा.

“तंबाखू शून्य,” डॉक्टर म्हणाल्या. “मान गए. मला वाटलं नव्हतं तुम्ही सोडाल.”

अश्वजितचा जीव भांड्यात पडला. त्याने बडीशेप गिळली.

डॉक्टरांनी शिफारशीच्या पत्रावर सही केली. पण पत्र पुढे सरकवलं नाही.

“आता दुसरं. कॅडमियम वाढलंय. गेल्या वर्षीपेक्षा बरंच जास्त. लघवीतून प्रोटीनही जायला लागलंय, म्हणजे किडनीवर असर झालाय.”

“पण मॅडम...”

“गेल्या वर्षी मी सगळं खापर सिगारेटवर फोडलं होतं. यंदा सिगारेटच नाही. मतलब, सगळी धूळ. मास्क लावता ना?”

“लावतो.”

“जेवायच्या आधी हात धुता?”

“बराबर धुतो.”

“मग कमाल आहे. बिना मास्कचं कुणी वर्षानुवर्षं धूळ झटकत बसलं, तर एवढा आकडा येतो.”

अश्वजितने बाहीवरच्या पिवळ्या धुळीकडे पाहिलं.

“कंबर दुखते?”

“मला नाही,” तो म्हणाला.

“दुखेल. हे बघा, किडनीचं गेलेलं परत येत नाही. धूळ थांबली तर उरलेलं वाचेल. पण उद्यापासून नाही, आजपासून. खैर, तुम्ही आता खुर्चीवर बसणार, तुमचा प्रश्नच मिटला.” त्यांनी पत्र पुढे केलं. “बधाई. साहेबांना नेऊन द्या.”

त्याने पत्र घेतलं. वर त्याचं नाव, खाली सही. आयुष्यात एवढ्याच कागदाची त्याने वाट पाहिली होती. दारापर्यंत जाऊन तो थांबला. बाहेर बॉयलरचा आवाज नेहमीसारखा चालू होता. पत्र खिशात घालायला गेला, तर बोटांना काडेपेटी लागली.

तो परत फिरला. पत्र टेबलावर ठेवलं, त्यावर काडेपेटी ठेवली.

डॉक्टर काडेपेटीकडे बघत राहिल्या. “म्हणजे सुटली नाही? मग तंबाखू शून्य कसा?”

“माझ्या बायकोला आजच बोलावून घ्या, मॅडम,” अश्वजित म्हणाला. “ती बाटली तिने भरली होती.”