वाघ आणि सुई

"वाघ होता वाघ! आणखी काय सांगायचं?" असं म्हणून धर्माजीच्या काकांनी विषय संपवला आणि ते पानाला चुना लावू लागले.

शैला उठली. सकाळपासून ज्याला विचारावं त्याच्याकडे तिला हाच वाघ भेटत होता. धर्माजी चुरी याच उमरोळीत लहानाचा मोठा झाला. पण गेल्या वर्षीच्या लढाईत तो पडला, आणि गावाने माणूस पुसून त्या जागी वाघ रंगवला.

रविवारी शाळेत त्याच्या तसबिरीचं अनावरण होतं आणि शैलाला त्याच्याविषयी बोलायचं होतं. हेडमास्तरांनी भाषण लिहूनही दिलं होतं. त्यात सिंह होता, सह्याद्री होता, भारतमाता होती. धर्माजी तेवढा नव्हता. नाव बदललं की ते कुठल्याही हुतात्म्याला चाललं असतं. चार लोकांसमोर ते वाचायला ती तयार नव्हती. तिला त्याचं काहीतरी खरं हवं होतं, एवढंसं का असेना.

पदर कपाळावर ओढून ती सोमीच्या झोपडीकडे निघाली. ऊन चढलं होतं, पण अंगाभोवतीची शाल तिने सोडली नाही. सोमी चुरींच्या वाडीत कामाला असे. दिवाळी सरली की ती वीटभट्टीवर जाई, ती पावसाच्या तोंडावरच परते. आजही तिचं बोचकं बांधून तयार होतं.

"शालंतल्या मास्तरीनबाय का तुमी?" सोमीने विचारलं.

"रविवारी शाळेत कार्यक्रम आहे," शैला म्हणाली. "लहानपणी कसे होते ते?"

"कोन, धरम्या?" सोमी खुदकन हसली. "भितरा! पायात काटा मोडला, तं आयेने सुई काढली. सुई बगली, तसा चिंचेवर जाऊन बसला. काटा पायात तसाच! माज्या पोराने, झिपरूने त्याला उतरवला, मी रुईचा चीक लावला, तवा काटा निंगाला. पन ह्या शालंत सांगू नका हां. शिपाय होता तो."

शैलाला हसू आलं आणि मागोमाग भरूनही आलं. पण तेवढ्याने भागेना. हे झालं पोरपण. मोठेपणीचा माणूस कुठे होता? सोमीने पुढे केलेलं पाणी तसंच ठेवून ती तरातरा स्टेशनकडे निघाली.

देवूची चहाची टपरी फलाटाला लागून होती. लढाईवर जाताना गाडी उशिरा आली म्हणून धर्माजी तिथेच बसून राहिला होता.

"तुमी इथल्या दिसत नाय," देवू म्हणाला.

"दातिवऱ्याहून आले. शाळेत त्यांच्याविषयी बोलायचंय."

"मंग त्याच्या बायकोला इचारा ना."

"तिच्याकडून काही मिळत नाही," शैला म्हणाली.

"कसा मिलंल? देवक पन उठला नव्हता आनि तार आली, रजा रद्द. माला वऱ्हाडात जाता आला नाय, टपरी कोनावर टाकू? म्हनून समदा इथं बसून सांगत होता. हाताला हळद तशीच. मी म्हटला, बायको कशी हाय रं? तं म्हनतो, 'त्वांड कुठं बगाया मिलाला? अंतरपाट खाली आला, तशी तिने मान खाली घातली. हात तेवढा बगला.'"

"हात?"

"हातावर तुळस गोंदलेली, पन अर्धीच. सुईला भिऊन हात वडला आसंल. धर्माजी हसत सुटला. म्हनला, 'देवू, ही पन माज्यासारकीच भितरी! आमचा जमंल.' गाडी हलली तरी हसतच होता."

देवूने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले, मग त्याच फडक्याने ग्लास पुसला आणि चहा ओतून पुढे केला.

"घ्या बाय, थंड व्हईल."

ग्लास घ्यायला शैलाने शालीतून हात बाहेर काढला. बांगडी नसलेल्या त्या हातावर अर्धीच तुळस होती.